आमवात असताना सिनेमा-मालिका बघायच्या कशा: पलंगापासून रिमोटपर्यंतची मांडणी

घरात कायमचं आजारपण आलं की टीव्ही आणि मोबाइल दिवसाचा मोठा भाग व्यापतात. तरी त्याबद्दल कोणी नीट बोलत नाही. "पडूनच आहेस ना, बघ काहीतरी" एवढं म्हणून माणसं आपापल्या कामाला लागतात. आमवात असलेल्या माणसाला मात्र ठाऊक असतं की दोन तास एका जागी बसून सिनेमा बघितल्यावर उठताना गुडघे सरळ होत नाहीत, मनगट रिमोट धरून ठणकतं आणि मान आखडते ती दुसऱ्या दिवशीपर्यंत.

मला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, असा हा आजार. बोटं, मनगटं, पावलं असे छोटे सांधे आधी धरतो, आणि दुखण्याइतकाच थकवाही देतो. पुढचं सगळं मी आमवात डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. डायलिसिस, ऑक्सिजन किंवा दीर्घ थकव्याच्या आजाराच्या घरांना यातलं बरंच लागू पडेल. जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन. माझं म्हणणं थोडक्यात असं: सिनेमा शरीराच्या मापाने बेतून घ्यायचा. त्यासाठी थोडी तयारी लागते, पण ती एकदाच करावी लागते.

आधी आठवडा मांडा

कोणता सिनेमा बघायचा हे ठरवण्याआधी कोणत्या वारी, कोणत्या वेळी बघायचा ते ठरवा.

आमवातात सकाळी सांधे आखडलेले असतात, बऱ्याचदा तासाभराहून जास्त. त्याच वेळी डोळे उघडताच मोबाइल हातात घेऊन अंगठ्याने सरकवत बसणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. आखडलेल्या अंगठ्यावर नेमका तेव्हाच भार पडतो. गरम पाण्याची अंघोळ, शेक, नाश्ता आणि गोळ्या होऊ द्या. बहुतेकांचे हात अकरा-बाराच्या सुमारास मोकळे होतात. स्वतःची ती वेळ ओळखा आणि बघायचं ते तिच्यानंतर ठेवा.

दुसरी गोष्ट गोळीच्या वाराची. आपल्यापैकी अनेकजण मेथोट्रेक्सेट घेतात, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी मळमळतं, डोकं जड होतं, कशात लक्ष लागत नाही. त्या दिवशी नवा, गुंतागुंतीचा सिनेमा लावू नका. आधी पाहिलेलं, आवडलेलं, मध्येच डोळा लागला तरी चालेल असं काही ठेवा. नवी मालिका किंवा अडीच तासांचा सिनेमा गोळीच्या वारापासून दूरच्या दिवशी घ्या. गोळीचा वार बदलावासा वाटला तर डॉक्टरांना विचारूनच बदला.

तिसरी गोष्ट वहीची. एका साध्या वहीत दोन रकाने करा: काय आणि किती वेळ बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. काही आठवड्यांत आपली मर्यादा आपोआप दिसू लागते. दीर्घ थकव्याच्या आजारात आणि कोविडनंतर रेंगाळलेल्या थकव्यात ही वही फार महत्त्वाची. तिथे जास्त ताण झाला तर त्याचा फटका त्याच वेळी बसत नाही, कधी एक, कधी दोन दिवसांनी माणूस पार गळून जातो. डोक्याला ताण देणारा सिनेमाही त्यात धरायचा. अशांनी "अजून थोडं झेपेल" असं वाटत असतानाच बंद करायला शिकावं.

बसायची जागा: इथे घाई करू नका

निम्मं दुखणं जागा चुकल्यामुळे होतं, म्हणून या भागाला वेळ द्या.

बसून बघणार असाल तर खोल, मऊ सोफा टाळा. त्यात बसलं की कंबर खाली जाते आणि उठताना सगळा भार मनगटांवर येतो. हात टेकायला दांड्या असलेली, थोडी उंच, ताठ पाठीची खुर्ची बरी. पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दांडीवर किंवा मांडीवरच्या उशीवर विसावलेला असावा.

पलंगावर बघणार असाल तर पाठीमागे लोड किंवा तक्क्या लावून कमरेपासून टेकून बसा. डोक्याखाली दोन-तीन उशा रचून फक्त मान पुढे वाकवायची पद्धत सोडा. आमवात मानेच्या वरच्या मणक्यांनाही धरू शकतो, त्यामुळे आपल्या मानेची काळजी इतरांपेक्षा जास्त घ्यायची. डोक्याच्या मागच्या बाजूला दुखत असेल, हातांत मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवत असेल, तर उशी बदलत बसू नका, डॉक्टरांना सांगा.

गुडघ्याखालच्या उशीबद्दलही सांगते, कारण ती प्रत्येक घरात प्रेमाने दिली जाते. गुडघा दुखतो म्हणून खाली उशी घेतली की लगेच बरं वाटतं. पण तासन्‌तास, रोज, गुडघा वाकलेलाच राहिला तर हळूहळू तो सरळ होईनासा होतो. थोडा वेळ घ्या, मग काढा आणि पाय लांब करा.

टीव्ही बहुतेक घरांत बसणाऱ्याच्या किंवा उभ्याने बघणाऱ्याच्या हिशोबाने भिंतीवर टांगलेला असतो. पडद्याचा मध्य तुमच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवा. भिंतीवरचा टीव्ही खाली आणता येत नसेल तर तुमची बैठक उंच करा, किंवा टीव्ही काढून टेबलावर ठेवा. घरच्यांना थोडं विचित्र दिसेल, दिसू द्या. अंतराचा ढोबळ हिशोब पडद्याच्या तिरक्या मापाच्या दीडपट ते दुप्पट: 32 इंची टीव्ही चार ते सव्वापाच फुटांवर, 43 इंची साडेपाच ते सात फुटांवर. पलंग त्याहून लांब असेल तर माणूस नकळत मान पुढे काढून बघतो.

मोबाइल हातात धरून सिनेमा बघू नका. पलंगाच्या कडेला किंवा टेबलाला चिमट्याने बसणारा, वाकवता येणारा मोबाइल होल्डर बाजारात सहज मिळतो. आमवाताच्या घरात तो गरम पाण्याच्या पिशवीइतकाच गरजेचा आहे. तो लावताना एकच बघा: फोन छातीवर किंवा तोंडावर पडेल असा थेट डोक्यावर नको, थोडा बाजूने समोर येऊ द्या.

शेवटी पंखा. पंख्याचा किंवा कूलरचा झोत डोळ्यांवर येत नाही ना ते पाहा. कारण पुढे डोळ्यांच्या भागात येईल.

मध्यंतर तुम्ही ठरवा

आमवातात स्थिर बसलं की सांधे आखडतात. म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी हालचाल हवी, मग सिनेमा कितीही रंगात आलेला असो.

चॅनेलवरची मालिका असेल तर जाहिराती तुमच्या कामी येतात. नियमाप्रमाणे तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात सहा मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात हे करा. पावलं घोट्यातून वर-खाली दहा वेळा. मग घोट्यातून गोल. मूठ हळू मिटा, बोटं पूर्ण उघडा. जितकी उघडतील तितकीच, जोर नाही. अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लावा. खांदे कानांकडे उचला आणि सोडा. शेवटी उभं राहा आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन या. सांधे सुजून लाल, गरम झाले असतील त्या दिवशी फक्त हलक्या हालचाली करा, ताणू नका.

हिंदी-मराठी सिनेमाचा एक फायदा असा की त्याची कथाच मध्यंतर धरून लिहिलेली असते. मोबाइलवर मध्यंतराची पाटी दिसली नाही तरी निम्म्यावर एक वळण येतं. तिथे थांबा आणि उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी बघा. आपल्या आजारात "एका बैठकीत सिनेमा" हा हट्ट सोडल्याने मजा काही कमी होत नाही. मध्यंतरानंतर काय होईल याचा विचार करत झोपणं मला तरी आवडतं.

एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. नेटफ्लिक्सवर ती प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये असते, यूट्यूबवर व्हिडिओच्या वरच छोटं बटण असतं. थकलेला माणूस "बंद करू" हे ठरवायलाही थकतो, म्हणून ते आधीच ठरवून ठेवायचं.

बसून किंवा पडून राहिल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर ती आमवाताची सूज समजून शेकत बसू नका. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा.

रिमोट, बटणं आणि बोटं

सेट-टॉप बॉक्सचा एक रिमोट, टीव्हीचा दुसरा, आवाज एकावर, चॅनेल दुसऱ्यावर. दुखऱ्या बोटांसाठी ही कसरतच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी नावाची सोय असते (कंपन्या तिला वेगवेगळी नावं देतात). ती चालू केली की एचडीएमआय वायरने जोडलेल्या बऱ्याच यंत्रांना एकच रिमोट पुरतो. तेवढ्याने भागलं नाही तर स्मार्ट टीव्हीसाठी फोनवर रिमोटचं ॲप घ्या. काचेवर हलकं बोट टेकवणं रबरी बटण दाबण्यापेक्षा खूप सोपं.

बोलून शोधायची सवय लावा. फोनवर मराठीत बोलून टाइप करता येतं, यूट्यूबवर मराठीत बोलून सिनेमा शोधता येतो. टीव्हीच्या रिमोटवर माइकचं बटण असेल तर एकेक अक्षर शोधत बसायचं कारणच नाही.

साधा रिमोटच वापरायचा असेल तर तो चिमटीत धरू नका. मांडीवरच्या उशीवर किंवा ट्रेमध्ये आडवा ठेवा आणि बोटाच्या टोकाऐवजी पेराने दाबा. रोज लागणाऱ्या तीन-चार बटणांवर टिकलीसारखं काही उंच चिकटवा. रिमोट गुळगुळीत असेल तर त्याला रबरी कव्हर घाला, सुटून पडणार नाही.

डोळे

पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात, सगळ्यांच्याच. आमवाताच्या काही रुग्णांत सोबतीने डोळे आणि तोंड कोरडं पडण्याचा त्रासही असतो, त्याला श्योग्रेन म्हणतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, चुरचुरतं. पंख्याचा झोत टाळायचा तो यासाठी. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघा, मुद्दाम पापण्या मिटा, आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब पलंगाजवळच ठेवा.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेत असाल तर हे नक्की वाचा. या गोळीचा वर्षानुवर्षांच्या वापरात डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो. म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा डोळे तपासतात, आणि साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा त्रास किंवा दुसरा काही धोका असेल तर त्याआधीपासूनच. खाली येणाऱ्या संवादांच्या ओळीतली अक्षरं मधूनच गायब होऊ लागली किंवा ओळ वाकडी दिसली तर टीव्हीला दोष न देता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

टीव्हीच्या चित्राचा मोड दुकानातून आणल्या दिवसापासून बऱ्याचदा भडक असतो. तो सिनेमा किंवा मूव्हीवर आणा. हालचाल गुळगुळीत करणारी मोशनची सोय बंद करा. काहींना तिने गरगरतं. खोली पूर्ण अंधारी नको, टीव्हीच्या मागे मंद दिवा असू द्या. संवादांच्या ओळींचा आकार मोठा करता येतो, घरातल्या कोणा तरुणाला सांगून एकदा करून घ्या.

अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेल्यांनी झपाझप लुकलुकणाऱ्या प्रकाशाची दृश्यं टाळावीत. 1997 मध्ये जपानमध्ये एका कार्टूनच्या भागातल्या लाल-निळ्या लुकलुकीने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. असं दृश्य अचानक आलं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि नजर वळवा. दोन्ही डोळे नुसते मिटण्यापेक्षा ते उपयोगी पडतं.

आवाज

संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणी कानठळ्या बसवणारी, ही तक्रार घरोघरी आहे. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा संवाद स्पष्ट करणारा मोड शोधा. फरक लगेच कळतो.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर त्याची घरघर सतत चालू असते आणि टीव्ही वाढवत न्यावा लागतो. पुरवठादाराला विचारून लांब नळी घ्या आणि यंत्र थोडं दूर, भिंतीपासून सुटं ठेवा. आणि एक कळकळीचं सांगणं: ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी-सिगारेट काही नको, संध्याकाळची दिवाबत्ती दुसऱ्या खोलीत करा.

काय बघायचं

दुखणं आणि औषधं यांमुळे डोक्यात धुकं साचतं. पात्रांची नावं लक्षात राहत नाहीत, काल कुठे थांबलो ते आठवत नाही. म्हणून वहीत दोन ओळी लिहा: कोण कोणाचं, कुठे थांबलं. थांबून, मागे नेऊन पुन्हा बघण्यात काही कमीपणा नाही. यूट्यूबवर वेग 0.75 करता येतो, ओळी वाचायला सवड मिळते.

धुक्याच्या दिवशी पाककृती, प्रवास, गाण्यांचे कार्यक्रम, जुन्या नाटकांची चित्रणं बरी पडतात. नाटक त्यातल्या त्यात उत्तम: जागा एकच, माणसं मोजकी, संवाद स्पष्ट.

मालिकांत आजारपण फार स्वस्तात वापरतात. गंभीर निदान होतं, सगळे रडतात, आणि पुढच्या आठवड्यात माणूस ठणठणीत. आपल्याला त्याने वाईट वाटतं, कधी रागही येतो. असं काही बघणं अर्ध्यावर सोडायला कोणाची परवानगी लागत नाही. ओटीटीवर सुरुवातीला वयोगट आणि हिंसा, भीती अशा सूचना येतात. 2021 च्या नियमांनुसार त्या द्याव्याच लागतात. त्या वाचा. रात्रीच्या चर्चेतल्या आरडाओरड्याच्या बातम्या मी बंद केल्या आहेत आणि तुम्हीही करून बघा असं मनापासून सांगते. बातम्यांसाठी सकाळचा पेपर पुरतो.

खाणं

पिशवीतून खाऊ नका, वाटीत काढून घ्या. चिवडा, शेव, पापड यांत मीठ भरपूर, आणि दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्टेरॉइड चालू असेल तर भूकही वाढलेली असते आणि साखरही चढते. डायलिसिसवरच्या माणसाने बघताना घेतलेला चहा, सरबत, ताक दिवसाच्या पाण्याच्या हिशोबात धरायचं. घरी पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांची एक बदली (पोटातलं जुनं पाणी काढून नवं भरणं) साधारण अर्ध्या तासाची असते. जोडणी करताना टीव्ही बंद, हात स्वच्छ आणि लक्ष पूर्ण नळीवर, आणि पाणी आत-बाहेर होत असताना मालिकेचा एक भाग.

रात्र

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शक्यतो सकाळी घ्यायला सांगतात, कारण उशिरा घेतलं की झोप उडते. दुखण्याने जाग येते ती वेगळीच. रात्री दोन वाजता नवी, थरारक मालिका लावली की पहाटच होते. त्या वेळेसाठी पडदा बंद ठेवून ऐकायचं काही हाताशी ठेवा, आणि झोपेचा टायमर अर्ध्या तासाचा लावा. झोप रोजच उडत असेल तर मात्र ते औषधं देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

घरातली माणसं, वीज आणि पैसे

दोन खोल्यांच्या घरात टीव्ही हॉलमध्ये, आणि आजारी माणसाचा पलंगही बऱ्याचदा तिथेच. संध्याकाळी सातपासून सासूबाईंच्या मालिका, मग मुलांची मॅच. आजारी माणूस गप्प राहतो, कारण आधीच सगळे आपल्यासाठी करतायत असं त्याला वाटत असतं. यावर बोलून वेळा ठरवा. "आई, साडेआठपर्यंत तुमचं, मग अर्धा तास माझं" असं स्पष्ट सांगितलेलं सासूबाईंनाही चालतं. आजारी माणूस झोपला असेल तेव्हा इतरांनी ब्लूटूथ हेडफोन लावावेत.

लांबच्या माणसांबरोबरही बघता येतं. माझी बहीण नागपूरला आहे. आम्ही फोन स्पीकरवर ठेवतो, "एक, दोन, तीन" म्हणून एकदमच सुरू करतो आणि मध्येच गप्पाही मारतो. अमेरिकेतल्या मुलाबरोबर बघायचं असेल तर न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, म्हणजे आपली संध्याकाळ ही त्याची सकाळ.

पैशांचं म्हणाल तर औषधांच्या खर्चात चार-चार वर्गण्या परवडत नाहीत. एका वेळी एकच घ्या, त्यावरचं बघून झालं की ती थांबवून दुसरी घ्या. दूरदर्शनची फ्री डिश एकदा बसवली की महिन्याचा खर्च नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात सुरू केलेल्या वेव्हज या ॲपवर दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आहेत. मोबाइल डेटावर बघताना दर्जा कमी ठेवा: साध्या दर्जात तासाला सुमारे 1 जीबी जातो, एचडीत 3 जीबीपर्यंत. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल तर एचडी सिनेमा अर्ध्या तासातच संपवून टाकेल. देखभालीसाठी वीज जायच्या दिवसाआधी दोन-तीन भाग डाउनलोड करून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर पहिला हक्क ऑक्सिजनचा आणि औषधांच्या फ्रिजचा.

काहीच बघवत नाही त्या दिवसांसाठी

आजार उसळतो तेव्हा पडदा नकोसा होतो. चांगल्या दिवशी बसून अशा दिवसांची एक यादी करा: ऐकायची गाणी, आकाशवाणीचे कार्यक्रम, संवाद पाठ असलेला एखादा सिनेमा जो डोळे मिटूनही कळतो, कोणाला फोन करायचा. काही ओटीटींवर दृश्यांचं बोलून वर्णन करणारा आवाज लावता येतो. मराठीत तो अजून फारसा मिळत नाही, इंग्रजीत बराच आणि हिंदीत थोडा मिळतो. ही यादी मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून लावा आणि घरातल्या एकाला तरी दाखवून ठेवा, म्हणजे तुम्ही काही न बोलता पडलेले असाल तेव्हा "काय लावू?" असं तुम्हाला विचारावं लागणार नाही.